जुडीचा हिशेब, पानाचा हिशेब

आत्याच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचा निम्मा वाद या दिशेवरच उभा आहे. डोंबिवलीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीला बाहेर काढलेली ग्रिल. इतरांच्या ग्रिलमध्ये रद्दी, मोडका टेबलफॅन आणि मागच्या गणपतीचं मखर असतं. आत्याच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं आणि ऋतूप्रमाणे बदलणारा एक उथळ ट्रे. आईला हा सगळा पसारा निरर्थक वाटतो. तिच्या मते मिरची-कोथिंबिरीची जागा भाजीवालीच्या टोपलीत आणि तिथून थेट फ्रिजमध्ये. दोघी एकमेकींना अजून ‘वन्सं’ आणि ‘वहिनी’ म्हणतात, त्यामुळे टोमणेही अहो-जाहोत येतात. मी त्यांचं बोलणं लिहून घेतलं आणि जिथे राहवलं नाही तिथे तोंड घातलं.

आई : वन्सं, खरं सांगा, या ट्रेमधल्या कोथिंबिरीची आजवर एक तरी वडी झालीय?

आत्या : नाही झाली. होणारही नाही. वडीला दोन जुड्या लागतात. या एवढ्याशा ट्रेमध्ये येते मूठभर.

आई : आणि ती मूठभर किती दिवसांनी?

आत्या : धने उगवायलाच आठ-दहा दिवस. थंडी असेल तर पंधरा. कापायला येईपर्यंत चाळीस धरा.

आई : चाळीस दिवस पाणी घालून मूठभर! हिवाळ्यात माझी भाजीवाली दहा रुपयांत जुडी देते, वर कढीपत्त्याची काडी फुकट.

आत्या : हिवाळ्यातलं सांगता. जुलैत काय भाव असतो?

आई : जुलैत पन्नासच्या वर जाते, मान्य. तेव्हा मी कमी वापरते. कोथिंबिरीवाचून आमटी अडत नाही.

इथे आत्या उठली आणि आतून धन्यांची बरणी घेऊन आली. वाद घालताना हातात काहीतरी असल्याशिवाय तिला सुचत नाही.

आत्या : पावसाळ्यात भाव का चढतो ते बघा ना. नाशिककडे उघड्या वावरात पावसाच्या माराने कोवळी पानं झोडपली जातात, वाफ्यात पाणी साचून कुजतात. माझ्या ट्रेवर छज्जा आहे, पावसाचा थेंब पडत नाही. म्हणून मी जूनमध्येच पेरते. हे बघा, धना आख्खा नाही टाकायचा. तळहाताखाली पोळपाटावर असा हलका रगडायचा, दोन डाळिंब्या झाल्या पाहिजेत. दोन्हीतून रोप येतं. रात्रभर भिजवायचे आणि थेट ट्रेमध्येच पेरायचे, कारण कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं. उपटून दुसरीकडे लावली की ती रुसते.

आई : रुसू दे. जूनमध्ये तुमच्या या खिडकीत ऊन कुठे असतं?

आईने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. भूगोल तिचा शाळेपासून पक्का आहे. डोंबिवली कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्यावर सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, पुढे उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत डोक्यावर येऊन दक्षिणेला लागतो. मधल्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन असं मिळतच नाही, ढग नसले तरी. उलट डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य जेमतेम निम्मं आभाळ चढतो आणि ऊन ग्रिलमधून थेट ओट्यापर्यंत येतं. दक्षिणेची खिडकी म्हणजे हिवाळ्याची खिडकी, आणि हिवाळ्यात कोथिंबीर मातीमोल! नाशिकच्या बाजारात कधी कधी जुडीला रुपया-दोन रुपये मिळतात, वाहतूकही सुटत नाही, म्हणून शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो.

आत्या : म्हणून तर जूनमध्ये ट्रे मी झोपायच्या खोलीत नेते. ती खिडकी उत्तरेची आहे.

आई : आणि ढग?

आत्या : ढग असतातच. काड्या लांब होतात, पानं फिकी येतात. चव असते, रुबाब नसतो.

आई : म्हणजे पेरायची जूनमध्ये, फिरवायची खोल्याखोल्यांतून, आणि खायच्या काड्या! वन्सं, तुम्ही हुशार आहात. मग हे का करता?

आत्या : कोथिंबिरीचं सोडा. कोथिंबीर हरले मी, लिहून घे गं. पण वहिनी, तुम्ही या सगळ्या खिडकीला जुडीचं माप लावताय. स्वयंपाकघरात जुडीने लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आणि पानाने लागणाऱ्या वेगळ्या. चहाला गवती चहाची दोन पाती लागतात. बाजारात जुडी मिळते मनगटाएवढी. उरलेल्याचं काय करता तुम्ही?

आई : फ्रिजमध्ये.

आत्या : आणि पंधरा दिवसांनी?

आई : (जरा थांबून) वाळतो. टाकते.

आत्या : मी खिडकीत हात घालते, दोन पाती कापते, गाठ मारते आणि पातेल्यात टाकते. बाजारातल्याच जुडीतले मुळं असलेले तीन फुटवे रोवले होते, त्यांचं हे गचपण झालंय. खत म्हणून मूठभर शेणखत वर्षातून दोनदा.

मी गवती चहाचं पातं ओढायला गेले आणि बोट कापून घेतलं. त्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पातं खालून वर, धारेच्या दिशेने धरायचं असतं आणि कात्रीने कापायचं असतं, हे आत्याने मागाहून सांगितलं.

आई : पुदिन्याचंही तेच म्हणाल.

आत्या : पुदिन्याचं त्याहून जास्त. चटणीला जुडी लागते, तेव्हा मी तुमच्यासारखीच विकत आणते. त्यातल्याच चार जाड काड्या ग्लासात ठेवते, खालची पानं काढून. आठवड्यात पेरांपाशी पांढरी मुळं दिसायला लागतात. पण पुदिन्याची कुंडी स्वतंत्र हवी. याचे धुमारे मातीखालून पळतात, शेजाऱ्याला जगू देत नाहीत. आणि कापताना पान नाही खुडायचं, शेंडा खुडायचा, पानांच्या जोडीच्या जरा वर. त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात. जितका खाल तितका दाट होतो.

आई : वाचलंय मी हे. कोल्हापूरच्या दाभोळकरांचं एके काळी सगळे बोलायचे.

आत्या : श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले. माणूस गणिताचा, म्हणून शेतीकडेही हिशेबाने बघायचा. किती पान आणि त्यावर किती ऊन, यावर पीक ठरतं. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटलांनी तर ओल्या कचऱ्यावर फळझाडं उभी केली.

आई : वन्सं, ती गच्ची होती. उघडी, सगळ्या बाजूंनी उन्हाची. रोज शेकड्यांनी माणसं जेवणार, त्यांच्या भाजीच्या सालींचं खत. तुमच्याकडे चार फुटांची खिडकी आणि दोन माणसांच्या बटाट्यांची सालं. मोठ्यांची नावं घेऊन आपली कुंडी मोठी होत नाही.

हा मुद्दा मला आईच्या सगळ्या मुद्द्यांत भारी वाटला. गच्चीवरच्या शेतीच्या गोष्टी खिडकीला लावल्या की माणूस टोमॅटो लावतो, वांगी लावतो, मिरचीची सहा रोपं एका डब्यात कोंबतो आणि तीन महिन्यांत कंटाळून सगळं खाली नेऊन टाकतो. खिडकी म्हणजे शेत नाही. फार तर मसाल्याच्या डब्याला हिरवा कप्पा जोडला असं समजावं. आणि ग्रिलचा भाग असा की एक कुंडी सुटली तर खाली माणूस आहे. आत्याने प्रत्येक कुंडी तारेने ग्रिलला बांधली आहे आणि खाली ताटल्या ठेवल्यात, तरी पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पाणी ठिबकतं, ही तक्रार सोसायटीच्या सभेत झालेली आहे.

तोवर आत्याने कढई चढवली होती. ओव्याची पानं खुडून, धुऊन, पंचावर एकेक पसरून कोरडी केली. पान ओलं राहिलं तर तेल उडतं.

आई : हा काही खरा ओवा नव्हे.

आत्या : नव्हेच. खरा ओवा जिरं-धन्याच्या कुळातला, हा तुळशीच्या कुळातला. वासाचं द्रव्य दोघांत जवळपास एकसारखं आहे एवढंच. पण भजी याचीच होतात, आणि बाजारात ही पानं दाखवा मला.

पान मी हातात घेऊन बघितलं. जाड, लवदार, कडेला गोलसर दाते. दुमडलं की काकडीसारखं कट्कन मोडतं आणि नाकाला झोंबतं. बेसनात थोडं तांदळाचं पीठ, हळद, तिखट, हिंग, मीठ. देठाला धरून पान पिठात बुडवायचं आणि सोडायचं. आत पान गरम होऊन मऊ पडतं, वास मात्र अर्धा उतरतो आणि खाण्याजोगा होतो. कच्चं पान मी चावून बघितलं होतं, ते काही खरं नाही.

आई : (तिसरं भजं उचलत) भजी उत्तम. पण भज्यांसाठी झाड पाळणं...

आत्या : हे झाड पाळावं लागत नाही, हाच याचा गुण. फांदी मोडून मातीत खोचली की लागते. चार दिवस पाणी द्यायला विसरलात तर उलट खूश. याला मारायचं असेल तर रोज पाणी घाला.

आई : आणि कढीपत्ता? त्याला तुम्ही आंबट ताक घालता म्हणे.

आत्या : पातळ करून. आईने शिकवलेलं.

ताकाने कढीपत्ता वाढतो की नाही ते त्या झाडालाच ठाऊक. चिलटं मात्र हमखास येतात.

आई : तुमच्या कढीपत्त्याला पानं कमी आणि अळ्या जास्त. मागच्या खेपेला मी पाहिलं, पानावर कावळ्याची शिट. पुसायला गेले तर हलली!

आत्या : ती लिंबाळ्या फुलपाखराची अळी. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ते येऊन अंडी घालतं. लहानपणी ती शिटेसारखी दिसते, पक्ष्याने खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून दोन शिंगं काढते, आणि असा काही घाण वास सोडते की हात मागे येतो.

आई : आणि तुम्ही तिला पोसता.

आत्या : दोन अळ्या चार दिवसांत एवढ्याशा झाडाचा खराटा करतात, पोसते कशाला? काडीने उचलते आणि खाली सोसायटीच्या बेलावर नेऊन सोडते. बेलही त्याच कुळातला. तो पोसायला समर्थ आहे.

आई : हे बघा, म्हणजे तुम्ही कोथिंबीर फिरवता, अळ्या फिरवता. माझ्या भाजीवालीकडे अळी आली तर ती फांदी झटकते आणि जुडी माझ्या पिशवीत टाकते. गेली कित्येक वर्षं ती पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून माल उचलते, जिन्याखाली बसते. पैसे मोजून झाले की न मागता कढीपत्त्याची काडी, दोन मिरच्या वर टाकते. ती काडी फुकट असते असं तुम्हाला वाटतं? त्या काडीसाठी मी तिच्याकडे जाते, चार पावलांवरच्या गार दुकानात जात नाही. सगळ्या बायकांनी खिडकीत कढीपत्ता लावला, तर तिने पिशवीत काय टाकायचं?

आत्या पहिल्यांदाच गप्प बसली. मला मात्र बोलावंसं वाटलं, म्हणून मावसबहिणीची गोष्ट सांगितली. ती न्यू जर्सीत राहते. अमेरिकेत विमानतळावर बॅगेतला ताजा कढीपत्ता काढून घेतात, कारण त्याच्यावर राहणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबांना ग्रीनिंग नावाचा रोग लावते, आणि त्या रोगाने फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा खचल्यात. दुकानात कढीपत्ता महाग मिळतो. म्हणून तिने कुंडीत एक झाड केलंय. ऑक्टोबरात थंडी पडायला लागली की ते घरात येतं, आणि मार्च-एप्रिल सरेपर्यंत दिवाणखान्यातली उन्हाची जागा त्याची. पाहुण्यांनी खुर्ची सरकवायची, झाड सरकत नाही. फोडणीला ती पानं मोजून घेते.

आई : तिथे मी पण लावला असता. तिच्याकडे जिन्याखाली कोणी बसत नाही.

आत्या : वहिनी, तुमच्या भाजीवालीचं मी काही काढून घेत नाही. कांदे-बटाटे, पालक, कोथिंबीर तिच्याकडूनच येतं माझ्याकडेही. पण फोडणी झाल्यावर, तेल तापलेलं असताना, काडी खुडून तशीच टाकली तर जो वास येतो तो फ्रिजमधल्या काळपट पानाला येतो का? खरं सांगा.

आई : नाही येत. पण माझं पान फ्रिजमध्ये चार दिवसांच्या वर राहतच नाही. न धुता, कोरड्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात. तुमची खिडकी गॅसच्या इतकी जवळ आहे की पानांवर तेलाचा चिकटा बसलाय. हात लावून बघा.

मी हात लावला. बसला होता. गॅसच्या बाजूच्या कुंडीतली पानं मेणचट लागत होती, आणि त्यावर धूळ. आत्याने ती कुंडी तिथल्या तिथे ग्रिलच्या दुसऱ्या टोकाला बांधली आणि ओल्या फडक्याने एकेक पान पुसायला घेतलं. पुसता पुसता तिला पुढचा मुद्दा सुचला.

आत्या : आणि हे बेसिल बघा. गार दुकानात प्लास्टिकच्या डबीत दहा पानं विकतात, केवढ्याला ते विचारू नका. मी वाण्याकडून सब्जा आणला आणि पेरला. झाड त्याच जातीचं! वास जरा लवंगेच्या अंगाने जातो, इटलीच्या बेसिलइतका गोड नाही, पण नातवाच्या पास्त्याला चालतो.

आई : तुळशीच्या भाऊबंदाला पास्त्यात घालता?

आत्या : भाऊबंद आहे, तुळस नाही. तुळस पलीकडे वृंदावनात आहे, तिला कोणी पास्त्यात घालत नाही.

आई : बरं झालं. आणि ती रोझमेरी कुठे गेली? दिवाळीत होती.

आत्या : पावसाळ्यात मेली. त्या झाडाला कोरडी हवा लागते, पाय ओले चालत नाहीत. कोकणपट्टीच्या जूनमध्ये ती टिकायची नाही. परत नाही आणणार.

आईला हे ऐकून बरं वाटलं असावं, कारण यानंतर तिने स्वतःहून एक वाटा देऊ केला.

आई : तुमच्या त्या ट्रेमध्ये कोथिंबीर लावण्यापेक्षा मेथी का नाही लावत? आमच्या माहेरी गिरगावात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या यायच्या, मुळांसकट, रेती चिकटलेल्या. दाणे किनाऱ्याच्या रेतीत दाट पेरायचे आणि बोटभर रोप झालं की उपटायचे. आता माझी सून त्याच वस्तूला मायक्रोग्रीन म्हणते आणि दोनशे रुपये देते.

आत्या : लावते ना! श्रीखंडाच्या डब्यात, तळाला भोकं पाडून. पंधरा दिवसांत होते. तिला ऊनही फार लागत नाही, दाण्यातल्या शिदोरीवर ती तेवढी वाढते.

आई : मग हे आधी सांगायचं. याला माझी हरकत नाही. लसूण ठेचून, तेलावर नुसती परतायची, झाकण नाही ठेवायचं.

आत्या : पण एका डब्यात घासभरच भाजी होते.

आई : घासभरच लागते ती. कडू असते.

मला विचाराल तर एवढंच की वस्तू घरात कोणत्या मापाने लागते ते आधी बघावं. जी पानाने, काडीने, पात्याने लागते आणि बाजारात एकतर मिळत नाही किंवा उगाच ढीगभर मिळते, तिने खिडकी अडवावी. कोथिंबिरीने अडवू नये. आत्या हे मान्य करते आणि तरी धने रगडते, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

आई : यंदा हळद लावलीत का?

आत्या : मेमध्येच दोन गड्डे लावले, त्या मोठ्या तेलाच्या डब्यात. नागपंचमीला पातोळ्या करायच्यात.

आई : किती पानं होतील?

आत्या : नागपंचमीपर्यंत सात-आठ. गणपतीत जास्त.

आई : आपल्या घरच्या माणसांना वीस तरी लागतील. बाकीची मी भाजीवालीला आठ दिवस आधी सांगून ठेवते, ती आणते.

आत्या : पानं मोठी असतात माझी. एक पान मधून आडवं कापलं की दोन पातोळ्या.

आई : कापलेल्या बाजूने सारण बाहेर येतं.

आत्या : नाही येत. पीठ कडेपर्यंत थापायचं नाही.

आई : थापलं नाही तर पातोळी कसली ती? वन्सं, पानं अख्खी हवीत. मी पंधरा सांगते.